शेऱ्याखालची चंद्रकोर

निपाणीच्या वाचनालयातल्या एका वहीत, एका शेऱ्याच्या शेवटी, नखाएवढी चंद्रकोर काढलेली होती. ती मी ब्लेडनं खरवडून काढली. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून मी पुष्कळ काय काय कबूल केलं, त्यातही हे नव्हतं. एका माणसाला मात्र सांगायची वेळच आली नाही, कारण त्याला ते ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे त्या वाचनालयाचे ग्रंथपाल, भूपालअण्णा.

आज लिहायला बसलो त्याला कारण माझी मुलगी. ती पुण्याला नोकरी करते आणि बोलण्याऐवजी मोबाइलवर चार ओळी लिहून पाठवते. परवा तिनं लिहिलं, "बाबा, तुम्ही स्वयंपाक शिकताय असं कळलं. आईला महिनाभर माझ्याकडे पाठवून द्या." पुढं दोन ठिपके आणि एक कंस. मला वाटलं, बोट घसरलं असेल. वाक्य मात्र जरा लागलं. मी फोन लावला तर ती हसायला लागली.

"अहो बाबा, मान वाकडी करून बघा ना. ते हसरं तोंड आहे. चेष्टेत लिहिलं की ते घालायचं, म्हणजे समोरच्याला राग येत नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणी नाही. आपोआप ठरतं."

मी मान वाकडी केली. तोंड दिसलं. मग कितीतरी वेळ मान सरळ करायचं सुचलं नाही. "कोन ठरवत न्हाय रं, आपसुक ठरतंय," हे मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भूपालअण्णांच्या तोंडून ऐकलं होतं.

मी मूळचा खानापूरचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून निपाणीला आलो, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. एक खोली, एक स्टोव्ह, आणि आपण लेखक होणार हे डोक्यातलं खूळ, एवढाच संसार. कचेरी सुटली की वाचनालय गाठायचो. तंबाखूच्या हंगामात निपाणीची हवाच तिखट होते. वर्तमानपत्रं उघडलेली असत आणि त्यांच्यामागून पाळीपाळीनं शिंका येत. प्रत्येक शिंकेला भूपालअण्णा मान वर न करता म्हणत, "वाचा, वाचा."

अण्णा सदलग्याचे जैन. शेती थोरल्या भावाच्या हवाली करून पुस्तकांत येऊन बसलेले. पन्नाशीला टेकलेले, बुटके, पांढरं धोतर, पांढरा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घरी कानडी, दारी मराठी. चिडले की हिंदीत बोलत, पण ती हिंदी कुणालाच कळत नसे, त्यामुळं त्यांचं चिडणं वाया जाई.

जीवहत्या नको म्हणून ते पुस्तकातली कसरसुद्धा मारत नसत. दर रविवारी एकेक कपाट उन्हात मांडून पान न् पान हलक्या हातानं झटकत. "अण्णा, ही कसर एक दिवस सगळं वाचनालय खाईल," असं कुणी म्हटलं की म्हणत, "खाऊ दे. हितं येऊन झोपनाऱ्यांपेक्षा बरी. निदान पानं तरी उलटती."

आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा नेम. समोरच्या वखारीच्या पत्र्यावरचं ऊन तांबूस झालं की अण्णा उठत, कुणातरी भरवशाच्या माणसाला आपल्या खुर्चीत बसवत आणि अर्ध्या तासासाठी घरी जात. सहा महिन्यांत ती खुर्ची माझ्याकडे आली. "खानापूरकर, बस रं जरा. दोन घास खाऊन आलोच." ते नावानं क्वचितच हाक मारत. कुणाला गावानं, कुणाला बसायच्या जागेनं.

जागेनं हाक मारण्यामागं वहीचा इतिहास होता.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लांबट वही असे आणि तिला सुतळीनं शाईचं पेन बांधलेलं असे. रोज सकाळी अण्णा ते पेन स्वतः भरून ठेवत. वहीवर कधीकाळी कुणीतरी 'तक्रार वही' लिहिलं होतं. अण्णांनी 'तक्रार' खोडून 'शेरा' केलं होतं. तिची पहिली पानं मी मुद्दाम काढून वाचली. 'पंखा फिरत नाही.' खाली दुसऱ्या हातानं, 'खरं आहे.' त्याखाली तिसऱ्या हातानं, 'पंखा आहे कुठे?' त्याखाली, 'म्हणूनच फिरत नाही.' इथून सुरुवात झाली. पंखा आला, पण लिहिणं थांबलं नाही. पेपरातल्या बातम्या, पुस्तकांचे शेवट, बाजारातलं गूळ-मिरचीचं बोलणं, सगळं वहीत उतरायला लागलं.

रोज 'खरं आहे', 'खरं आहे' लिहून पानं भरायला लागली, तेव्हा वखारीतला कुणीतरी गडी शेऱ्याच्या कडेला नुसती एक उभी रेघ मारून गेला. तंबाखूचे बोद, म्हणजे भरलेली मोठी पोती, मोजताना मारतात तशी. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी उभी. चार झाल्यावर पाचवी आडवी, म्हणजे एक गठ्ठा. महिन्याभरात चहाच्या गाड्यावर भाषाच ती झाली, "तुझ्या कालच्या शेऱ्याला किती गठ्ठं पडलं रं?"

नावं लिहायची नाहीत, हे आधीपासूनच होतं. पण नाव नाही म्हटल्यावर काहींची लेखणी फारच मोकळी सुटली. मग अण्णांनी सगळ्या खुर्च्यांवर रंगानं आकडे घातले आणि स्वतःच्या शेऱ्याखाली 'टेबल' असं लिहायला सुरुवात केली. सांगितलं कुणालाच नाही. पंधरा दिवसांत सगळे आकडे लिहायला लागले. 'खुर्ची चार.' 'खुर्ची अकरा.' 'खिडकी.'

"नाव लिवलं की माणसं कोन लिवलं ते बघत्यात, काय लिवलंय ते न्हाय," अण्णा मला म्हणाले. "आनि कायच न्हाय लिवलं की जीभ सुटती. म्हणून जागा. जागा कुठं पळून जात न्हाय."

सीमेचं वातावरण तेव्हा तापलेलं होतं. एकदा कुणीतरी कानडीत शेरा लिहिला. खाली लगेच मराठीत, 'इथे मराठीत लिहावे.' त्याखाली कानडीत तिखट उत्तर. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर अण्णांनी प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात तिचं दुसऱ्या भाषेतलं भाषांतर करून ठेवलेलं, शिव्यांसकट. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "भांडान हाय तर दोगांना बी पुरं कळू दे. अर्धंच कळलं की वाढतंय." भाषांतरातली स्वतःची वाक्यं वाचून दोन्ही खुर्च्या वरमल्या. पुढं जो कानडीत लिही, तो आपणहून खाली मराठी लिहू लागला, आणि मराठीवाले अण्णांना विचारून कानडी.

चंद्रकोर मात्र अण्णांचीच. तिचा जन्म मी डोळ्यांनी पाहिला.

तालमीचे एक वस्ताद रोज संध्याकाळी यायचे. धिप्पाड माणूस, पण जवळचं दिसत नसे, त्यामुळं वहीत बोटाएवढी अक्षरं काढत. लोकांना आधी वाटलं, हा माणूस ओरडतोय. अण्णांनी खाली लिहिलं, 'वस्ताद, हळू बोला. वाचनालय आहे.' वस्तादांनी अख्ख्या पानावर उत्तर लिहिलं, 'मला बारीक दिसत नाही.' तेव्हापासून वस्तादांना उद्देशून लिहायचं असलं की सगळे मोठ्या अक्षरात लिहीत. तर या वस्तादांचा पठ्ठ्या एका जत्रेत पडला आणि दुसऱ्याच दिवशी वहीत शेरा आला: 'वस्तादांचा पठ्ठ्या पाठ फार सुंदर टेकवतो. स्वतःची. खुर्ची आठ.' शिवाय मोठ्या अक्षरात.

वस्ताद बाह्या सारत उठले. "कोन हाय रं ह्यो आठ नंबर?"

आठ नंबरवर बाजारपेठेतला एक काडीसारखा शिंपी होता. तो पेपरामागं एवढा आत गेला की नुसत्या चपला दिसत होत्या. अण्णांनी शांतपणे पेन उचललं आणि त्या शेऱ्याच्या शेवटी एक बारीक आडवी कोर काढली, टोकं वर केलेली.

"ह्ये काय?" वस्तादांनी विचारलं.

"हसला त्यो."

"कोन हसला?"

"आठ नंबर. लिवताना हसत हुता, मी बघितलो. वहीत हसनं दिसत न्हाय. म्हणून काढून ठेवलो."

वस्तादांनी वही डोळ्यांपासून हातभर लांब धरून ती कोर निरखली. मग पेपरामागच्या चपलांकडं बघून म्हणाले, "मग आदीच काढायचं न्हवं रं, भाड्या!" आणि स्वतःच असे हसले की दोन पेपर उडाले.

त्या दिवसापासून चेष्टेच्या शेऱ्याला चंद्र हा नियमच झाला. आणि त्याला लागून दुसरा. महिन्याच्या शेवटी वाचनालयाचे चिटणीस वही घेऊन बसत. ज्या शेऱ्यांना चंद्र नाही, त्या खऱ्या तक्रारी धरून ते बैठकीत वाचले जात. चंद्र असलेले शेरे वहीतच राहत. हेही कुणी ठरवलेलं नव्हतं.

वहीत आणखी एक खूण होती, ठिपका. ती कांबळे गुरुजींची.

गुरुजी माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, प्राथमिक शाळेत शिक्षक. आईवडील दोघंही वखारीत तंबाखू कुटण्यात आयुष्य घालवलेले. घराण्यातली पहिली नोकरी, पहिली पुस्तकं. गुरुजी रोज पाचच्या सुमाराला येत, वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि ताज्या पानाच्या तळाशी एक ठिपका ठेवून जात. बस्स. म्हणजे, आलो होतो, वाचलं. एकदा मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, तुम्ही एवढं वाचता, लिहीत का नाही?"

ते हसले. "लिहिलं की वाद होतो. वादाला माझी ना नाही. पण माझ्याशी वाद घालताना माणसं अक्षर सोडून आडनावाशी घालतात. जागा लिहिली तरी गाव लहान आहे. ठिपक्याला आडनाव नसतं."

एकदा चार दिवस ठिपका आला नाही. अण्णांनी पाचव्या दिवशी सकाळी वही बघितली, वस्तादांना बरोबर घेतलं आणि गुरुजींच्या खोलीवर गेले. गुरुजी तापानं फणफणलेले, पाणी द्यायला जवळ कुणी नाही. वस्तादांनी त्यांना उचलून खांद्यावर टाकलं आणि भर बाजारातून दवाखान्यात नेलं. "अहो, मला चालता येतं, मी शिक्षक आहे," असं गुरुजी वरून सांगताहेत आणि वस्ताद खालून, "गप बसा गुर्जी, पोरं बगायलीत," ही हकिकत पुढं कितीतरी दिवस वहीत चालली होती, चंद्रासकट. बरे होऊन आल्यावर गुरुजींनी ठिपका दिला आणि त्याखाली पहिल्यांदाच एक चंद्रकोर काढली. अण्णा दिवसभर ते पान येईल त्याला दाखवत होते. "गुरुजी हसले बघा. हितं, हितं."

आता माझं.

बेळगावच्या एका साप्ताहिकात माझी एक कथा छापून आली. पहिलीच. अंक मी वाचनालयाच्या टेबलावर अगदी वर दिसेल असा ठेवला. दोन दिवस वहीत तिच्याबद्दल एक अक्षर नाही. तिसऱ्या दिवशी माझा धीर संपला. अण्णा जेवायला गेले असताना मीच, अक्षर उलटं कलतं करून, शेरा लिहिला: 'या अंकातली निपाणीच्या तरुण लेखकाची कथा वाचली. असा शेवट मराठीत क्वचित वाचायला मिळतो. खुर्ची सात.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली टेबलाचा शेरा होता: 'खुर्ची सातचा पाय महिन्यापूर्वी मोडला. ती माळ्यावर आहे. तिथे बसून कथा वाचणाऱ्याच्या हिमतीला नमस्कार.' पुढं सुबक चंद्रकोर. आणि कडेला, संध्याकाळपर्यंत, चार गठ्ठे.

कुणी मला काही बोललं नाही. अण्णा तर नाहीतच. "बस रं जरा, खानापूरकर," म्हणून रोजच्यासारखे जेवायला गेले. पण चहाच्या गाड्यावर मी गेलो की एखादा म्हणे, "सात नंबरला एक कटिंग!" आता मलाही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेवीस वर्षांच्या लेखकाला असला चंद्र पचत नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी घड्याळाचा शेरा आला. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब तंबाखूचे व्यापारी, मोठ्या अंगाचा आणि मोठ्या हसण्याचा माणूस. त्यांनी भिंतीवरचं एक जुनं घड्याळ दिलं होतं. त्याखाली त्यांच्या नावाची पाटी होती, घड्याळाहून रुंद. घड्याळ महिन्यातच बंद पडलं. अण्णांनी लिहिलं: 'अध्यक्षांच्या घड्याळाखालचं नाव ठळक आहे, काटे बंद आहेत. दोन्हींपैकी एक बदलावे. टेबल.' आणि चंद्रकोर. आप्पासाहेब स्वतः वही वाचत आणि स्वतःवरच्या शेऱ्यांनाही रेघ मारत, म्हणून तर अण्णांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेरची बैठक होती. आदल्या संध्याकाळी वखारीच्या पत्र्यावरचं ऊन तांबूस झालं, अण्णा उठले, मी त्यांच्या खुर्चीत बसलो. माझ्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असे. कचेरीत शाईचं चुकलेलं अक्षर ब्लेडनं खरवडायचं आणि जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, यात माझा हात धरणारा कारकून नव्हता. एक चंद्रकोर किती मोठी असणार? मिनिटही लागलं नाही. अण्णा परत आले तेव्हा मी पेपर वाचत होतो. त्यांनी मला बडीशेप दिली. मी ती खाल्ली.

बैठक वाचनालयातच, वीस-पंचवीस सभासदांसमोर झाली. चिटणीसांनी एकेक शेरा वाचला. माठाला झाकण नाही. मासिकातली पानं कुणीतरी फाडतं. मग घड्याळाचा.

"वही बघू," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी पान नीट बघितलं. "भूपाल, ह्ये तुझं अक्षर."

"व्हय."

"आनि चंद्र न्हाय."

अण्णा पुढं झुकले. त्यांनीही पान बघितलं आणि बुचकळ्यात पडले, हे मला स्पष्ट दिसलं.

आप्पासाहेबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ह्ये घड्याळ माझ्या वडलांच्या वखारीतलं हाय. पाटी चिटणिसांनी लावली, मी न्हवं. मी नको झालोय तर तोंडावर सांगायचं हुतंस रं. चार लोकांत वाचायला लावायचं हुतंस व्हय?"

अण्णांनी वही आपल्याकडं घेतली. शेरा संपतो तिथं अंगठा ठेवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. कागद तिथं पातळ झाला होता. पुस्तकांवर हात फिरवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या अंगठ्याला ते कळणारच. त्यांचा अंगठा थांबला. ते आता माझ्याकडं बघतील, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"माझं चुकलं, आप्पासाहेब. चंद्र काढायचा इसरलो."

"तू? तू इसरलास?"

"वय झालं."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कांबळे गुरुजी उभे राहिले होते. वाचनालयात चार माणसांपुढं बोलायला ते पहिल्यांदाच उभे राहत होते.

"अण्णा, चुकीचं कबूल करू नका," ते म्हणाले. "मी काल पाच वाजता हे पान वाचलं. खाली माझा ठिपका आहे बघा. त्या वेळी चंद्र होता. मी स्वतः पाहिला."

सगळ्या माना अण्णांकडं वळल्या. पाचला चंद्र होता आणि आज नाही. मग मध्ये टेबलावर कोण होतं? आणखी एक प्रश्न, आणि सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं असतं. मला वाटतं, त्या क्षणी मी उठायला निघालोही होतो. पण हे मी आता म्हणतो.

अण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमी दुसऱ्या शेऱ्याचा चंद्र बघितला असाल. ह्याला नव्हता. इरलि बिडु."

इरलि बिडु, म्हणजे असू दे, सोडा. हे त्यांचं नेहमीचं कानडी. कुणी पुस्तक हरवलं तरी ते, कुणी उशिरा आणलं तरी ते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला जड वाटलं.

गुरुजी त्यांच्याकडं बघत राहिले. मग हळूच खाली बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "दोन वर्सानं तोंड उगडलं, ते बी खोटंच." एकदोघं हसले. त्या हसण्याला चंद्र नव्हता.

शेरा वही त्या दिवशी कपाटात गेली. अण्णांची नोकरी राहिली, आप्पासाहेब तेवढे मोठे होते. घड्याळही दुरुस्त झालं आणि पुढं रोज दहा मिनिटं पुढं धावायला लागलं, पण त्यावर लिहायला वही नव्हती. वस्ताद टेबलापाशी येऊन हवेत बोटानं मोठी अक्षरं काढून दाखवत, एवढंच. गुरुजी येत राहिले. येत, वाचत, जात. ठिपका ठेवायला जागा उरली नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पत्र्यावरचं ऊन तांबूस झाल्यावर, अण्णा उठले आणि म्हणाले, "खानापूरकर, बस रं जरा." त्यांनी मला रागानं हाकललं असतं, तर मी त्याच दिवशी सगळं सांगून मोकळा झालो असतो. पुढं वर्षभर, बदली होईपर्यंत, मी रोज त्या खुर्चीत बसलो. सांगायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात लाज होती, मग भीती, मग नुसतीच सवय.

त्यांना शेवटचं पाहिलं ते चार-पाच वर्षांनी, निपाणीच्या बसस्टँडवर. मी बेळगावला बदलून गेलो होतो, टिळकवाडीत बिऱ्हाड केलं होतं, कचेरीच्या कामानं आलो होतो. अण्णा काम सोडून सदलग्याला निघाले होते. एक ट्रंक, एक पिशवी, चष्म्याच्या काडीला नवा दोरा. मला बघून एवढे आनंदले की कंडक्टरलाही ओळख करून दिली, "ह्ये आमचं लेखक." मग बसमध्ये शेजारी बसवून घेऊन पिशवीतून वही काढली. तीच.

"अडगळीत टाकायला निघालते. मागून घेतलो."

त्यांनी पान काढलं. शोधावं लागलं नाही, खूण घातलेली होती. घड्याळाचा शेरा, पुढं ती पातळ झालेली जागा, तळाशी गुरुजींचा ठिपका.

"अण्णा, तुम्ही तो चंद्र पुन्हा का काढला नाहीत?"

"मी काढलो तर त्यो खोटा की रं." ते अगदी सहज बोलत होते. "तुझा पहिला चंद्र मी जरा जास्तीच मोठा काढलतो. सात नंबरचा. पोरगं नवं हाय, हे ध्यानात घ्यायला पायजे हुतं. म्हणून माझं इरलि. पर गुरुजी खरं बोलले हुते आनि मी त्यांला चार लोकांत खोटं पाडलो. मी घरी जाऊन पाय धरायला वाकलो, त्यांनी धरू दिलं न्हाय. कोन केलं ते इचारले. मी सांगितलो न्हाय. ते तुझं हाय. तू सांग."

मी हो म्हणालो. इतकं पटकन म्हणालो की त्यांना हसू आलं. कंडक्टरनं घंटी मारली, मी खाली उतरलो. बस वळायला लागली. खिडकीची काच धुळीनं माखलेली होती. अण्णांनी आतून बोट टेकवून त्या धुळीत काहीतरी काढलं. टोकं वर केलेली एक बारीक कोर. तिच्यामागं त्यांचा चष्मा, आणि चष्म्यामागं ते हसत होते. बस चिकोडी रस्त्याला लागेपर्यंत मी ती कोर बघत होतो.

अण्णा गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कांबळे गुरुजी निवृत्त होऊन बेळगावात मुलाकडं असतात. टिळकवाडीत सकाळी फिरताना समोरून येतात, मान हलवतात. मीही हलवतो. कधी हवापाण्याचं बोलतो. हे लिहिलेलं छापून आलं तर ते वाचतीलही, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांची पद्धतच ती. पण छापलेलं वाचायला लावणं आणि समोर उभं राहून सांगणं एक नव्हे, हे मला कळतं.

गुरुजींना मी एक वाक्य देणं लागतो: त्या दिवशी चंद्र होता, तुम्ही पाहिलात ते खरं होतं, तो मी खरवडला.